जनेलाकडे तोंड नको

नको नको, जनेलाकडे नको, तुम्ही खिडकी म्हणता तिकडे. तोंड भिंतीकडेच करा सायकलचं. — हो, मापलंत तुम्ही टेप लावून, दिसलं मला, तुमचं माप खोटं कोण म्हणतोय? खोली ती केवढी — आठ बाय नऊ — त्यात ही खाट, त्यात आमच्या सुमंगलाचं शिलाई मशीन, ते तर हलवायचं नावच नको, हलवलं की घरात महाभारत. आणि वर ही माटोळीची चौकट. तुमच्या कोल्हापूरकडे नसते ना? आमच्याकडे चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळं, भाज्या, रानातल्या वेली बांधतात, त्यासाठीची ही लाकडं. माझ्या वडलांनी ठोकली, कायमची. पोरगा माझा सर्वेश उंच, पेडलवर उभा राहिला की डोकं आपटणार, म्हणून तुम्ही म्हणता जनेलाकडे घ्या, तिथे वर मोकळं आहे, वाराही येतो. सगळं बरोबर. पण मी त्याला सांगेन, उभा राहू नकोस, बसूनच मार. डॉक्टरनेही तेच सांगितलंय — मांडीत सळी घातलीय, हळूहळू पाय फिरव, घाई नको. तेव्हा भिंत. ठरलं.

बसा जरा, चहा ठेवलाय. सुमंगला त्याला घेऊन साखळीच्या इस्पितळात गेलीय, व्यायाम करून घेतात ना पायाचा, तिथे. येतीलच. — आणि हे कसं हो चालतं? मागचं चाक ह्या रुळावर टेकायचं, हे दोन बाजूचे चिमटे आवळायचे, हा गोल खटका पिळला की पेडल जड. आणि जायचं कुठेच नाही. गमतच आहे. हा पोरगा इथून निघायचा तो डिचोली, म्हापसा, तिथून धारगळ, हायवेने पत्रादेवीपर्यंत, आणि जेवायला घरी! मी म्हणायचो, अरे म्हशीसुद्धा एवढं हिंडत नाहीत. आता त्याच सायकलला गोठ्यात बांधल्यासारखं बांधायचं. — पुढे मोबाईल लावायचा? त्यात रस्ता दिसतो? डोंगर, उतार, सगळं? वळणंही असतात का हो त्यात? ती बंद करता येतात? — नाही, सहज विचारलं.

भीती बसलीय त्याला. सायकलची नाही, रस्त्याची. गेल्या फेब्रुवारीपासून दारातून सायकल बाहेर काढली नाही. मीच म्हटलं, घरात चालव बाबा, पाय तरी सुटेल. — आता हे जनेल बघा. उघडू नका, असंच फटीतून बघा. तो उतार आमच्या दारातून खाली जातो आणि खाली ते वळण, आंब्याच्या बुंध्याशी. तिथेच झालं. म्हणून नको म्हणतो मी जनेल. घाम गाळत पेडल मारायचं आणि समोर काय, तर ते वळण? माणूस आहे तो. — त्याच्यासाठीच म्हणतोय मी. माझं काय, मी तर रोज त्याच रस्त्याने जातो येतो.

कसं झालं म्हणजे — ट्रकने. खनिजाच्या ट्रकने, दुसरं काय असतं आमच्या ह्या पाळी गावात? खाण बंद होती तेव्हा पोट जळायचं, सुरू झाली तेव्हा छाती जळते. गणपत म्हणून ड्रायव्हर, खानापूरचा, तुमच्याच बाजूचा म्हणायचा. — होय, खानापूर बेळगावात, ठाऊक आहे मला, पण इथे आम्हाला घाटावरचे सगळे सारखेच. तो रिकामा ट्रक घेऊन वर येत होता, हा सायकलवरून खाली. वळणावर सायकल आडवी झाली आणि हा घसरत गेला तो थेट पुढच्या चाकाशी. गणपतने ट्रक जागेवर थांबवला. थांबवला म्हणून तर जीव वाचला, पाय तेवढा सापडला. पण लोक ऐकतात? रस्ता अडवला, पोलीस आले, गणपतचं लायसन गेलं, कामावरून काढला. केस चालू आहे. आणि सर्वेश काय म्हणतो ठाऊक आहे? म्हणतो, ‘पप्पा, त्या ड्रायव्हरची काय चूक? मीच ब्रेक जास्त दाबला. मला सायकल चालवताच येत नाही.’ सात वर्षं चालवतोय, दोन कप आहेत त्या कपाटावर — आणि म्हणतो, येत नाही.

ब्रेक नव्हता हो तो. ब्रेक नव्हता.

— कारण मला ठाऊक आहे. मी काय करतो, विचारलंच नाहीत तुम्ही. टँकर चालवतो मी, पाण्याचा. ट्रक जातात त्या रस्त्यावर धूळ उडू नये म्हणून पाणी मारायचं, सकाळी दोन फेऱ्या, दुपारी दोन. सोपं काम, पण त्यालाही रीत आहे — पाण्याचा वाल अर्धाच उघडायचा, गाडी थांबवायची नाही, उतारावर तर नाहीच नाही. का? तर ती तांबडी पूड थोडी भिजली की बसते, आणि जास्त भिजली की शेवाळावर पाय पडावा तसं चाक सटकतं. पहिल्या दिवशी शिकवतात हे. आता तर मीच नव्या पोरांना शिकवतो. बावीस वर्षं झाली.

पण सुमंगलाला खोकला. धूळ घरात, धूळ पांघरुणात, भाताच्या पातेल्यात धूळ. रात्री उठून बसायची खोकत. म्हणायची, ‘सगळ्या गांवाक उदक मारतात, आमच्या दारांत मातशें चड सोडात मरे.’ थोडं जास्त सोडा म्हणाली, एवढंच. आता सांगा, बायको एवढं मागते, तुमच्या हातात वाल आहे — तुम्ही काय कराल? मी दाराशी यायचो, टँकर हळू करायचो, वाल पूर्ण सोडायचो. कधी थांबायचोसुद्धा. शेजारी हसायचे — बाबाजीचं अंगण चवथीआधीच सारवलं! मीही हसायचो. तिचा खोकला खरंच कमी झाला होता हो. पाणी उतारावरून कुठे जातं, हे बघायला मी कधी मागे वळलो नाही. सर्वेश साडेपाचला जायचा आणि माझी पहिली फेरी सातची, म्हणून कधी गाठ पडली नाही. त्या दिवशी तो चेन पुसत बसला. तेल घालत बसला. उशीर झाला.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी. — नाही, काही बोलू नका, चुकून झालं वगैरे नको. सगळं ऐकलं नाहीत तुम्ही अजून. चहा उतू गेला वाटतं. जाऊ दे.

फोन आला तेव्हा मी टाकीशी पाणी भरत होतो. धावत आलो. पोराला ऍम्ब्युलन्समध्ये घातलं होतं, सुमंगला आत बसली होती, आणि इकडे गणपतला लोकांनी धरून ठेवला होता. धरलाच होता, अजून कोणी हात लावला नव्हता. मला बघून वाट करून दिली सगळ्यांनी — बाप आला, बाप आला. गणपतच्या शर्टाला माझ्या पोराचं रक्त, त्यानेच तर उचलला होता ना त्याला. माझ्याकडे बघून म्हणाला, ‘मामा, मी हळूच होतो, रस्त्यावर पाणी—’

पुढे बोलू दिलं नाही मी. मारली त्याच्या तोंडात. पहिली मी मारली. मग बाकीचे तुटून पडले. लोक म्हणाले, बापाचं काळीज आहे, राग येणारच. राग नव्हता हो तो. ‘पाणी’ हा शब्द लोकांच्या कानावर पडायच्या आत मला त्याचं तोंड बंद करायचं होतं. दहा वाजेपर्यंत ऊन चढलं, पोलीस पंचनाम्याला वाकले तेव्हा रस्ता कोरडा खडखडीत. तो तरी कशाला पुन्हा बोलेल? बोलला असेल, कोण ऐकतो घाटावरच्या ड्रायव्हरचं.

दहा महिने झाले. आजवर सुमंगलालाही सांगितलं नाही. तिला कळलं तर ती म्हणेल, माझ्या खोकल्यापायी. आणि सर्वेश रोज म्हणतो, मला येत नाही, मला येत नाही, आणि मी समोर जेवत असतो. घास गिळतो आणि म्हणतो, होईल रे बरं. माझ्या एका वाक्यात तो पोरगा उद्या रस्त्यावर जाईल. त्या गणपतची केस सुटेल. ते एक वाक्य निघत नाही तोंडातून. तुम्हाला कसं सांगितलं कुणास ठाऊक — बोलता गणपतसारखं तुम्ही, तसेच हेल काढून. म्हणून असेल.

— सायकल? लावा तुम्हाला बरी वाटेल तिकडे. लावा जनेलाकडे. त्याचं डोकं कशाला फोडायचं माझ्या डोळ्यांसाठी?

आणि एक ऐका अभिजीत, आत्ता जाऊ नका. तो येईल आता. तुम्ही इथेच उभे राहा, काही बोलायचं नाही, नुसते उभे राहा. तुमच्यासमोर एकदा निघालंय ना तोंडातून, म्हणजे परत निघेल. तो आला की बसवतो खाटेवर आणि पहिलंच वाक्य सांगतो. सर्वेशा, त्या दिवशी पाणी मी जास्त सोडलं होतं. बस्स. एवढंच तर आहे. सर्वेशा, पाणी मी — स्कूटर आली बघा. थांबा हं. तो पाना खाली ठेवा.

ये रे, ये. हळू, उंबरा. — हे बघ, बसवली तुझी सायकल. हे अभिजीत, म्हापशाच्या दुकानातले. बस, आधी खाटेवर बस, मला तुला एक — चढतोस? आत्ताच? बरं, चढ. धर माझा खांदा. — असा. फिरव. फिरतोय ना पाय! सुमंगला, बघ गो, फिरतोय पाय! — काय म्हणतोस? ... मोठ्याने बोल, त्या आवाजात ऐकू येत नाही. ... हां. हां, इथे शिकशील परत. ब्रेक कसा, किती दाबायचा, सगळं शिकशील.

होय रे. ब्रेकच. जास्तच दाबलास तू तेव्हा.

— तुम्ही निघा हो आता. झालं ना तुमचं काम? निघा.