बोंबलांच्या दोरीवरचे बूट

पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांवर तुमचा कधी जीव जडलाय का? माझा जडला होता. पासष्ट-सहासष्ट साल असेल. पालघरच्या शर्यतीत बुटांशिवाय धावू देणार नव्हते, म्हणून बाबांनी ते आणले. दातिवऱ्याच्या आमच्या कोळीवाड्यात तसले बूट पहिल्यांदा माझ्याच पायात आले, त्यामुळे मी नुसती हवेत होते.

आदल्या दिवशी मी ते धुतले, खडू लावून पांढरेशुभ्र केले आणि आईला वाळत घालायला सांगून शाळेत गेले. संध्याकाळी येऊन बघते, तर आईने नाड्यांची गाठ मारून ते थेट बोंबलांच्या मधोमध दोरीवर टांगलेले.

"आई, तिथं कशाला टांगलेस?"

"वारा तितंच लागतो. बोंबील वालतात, मग बूट नाय वालणार?"

"अगं, किती वास मारतोय. बाई मला शर्यतीत उभीसुद्धा करणार नाहीत."

"तुला पलायचं हाय का हुंगायचं हाय?"

दुसरे बूट कुठून आणणार? तेच घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालघरच्या मैदानावर माझ्या मागे अकरा मुली आणि दोन कुत्री धावली, आणि मी पहिली आले.