बसली म्हणून लावली

—नाही, नाही, बोलू नका, टॉर्च पडेल. तोंडातच धरा, दातांनी, नुसत्या ओठांनी नाही—हां, अस्सं. मला तुमचे दोन्ही हात हवेत, एका हाताने कॉम्प्युटरचं हे कॅबिनेट असं तिरकं धरा, दुसऱ्याने या वायरी बाजूला घ्या, आत काय घोळ झालाय ते बघू द्या. आणि संकोच नको, मला सवय आहे, माझ्यासमोर दिवसभर माणसं तोंड उघडं ठेवूनच पडलेली असतात. दातांच्या डॉक्टरचं हे एक सुख बघा—आपण बोलायचं आणि समोरच्याने फक्त डोळे हलवायचे. आमची ही—म्हणजे आता तुमची ही—म्हणायची, तुला उत्तर न देणारी माणसंच आवडतात. म्हणायची काय, कोर्टातही हेच म्हणाली, आणि मी त्यावर इतका वेळ बोललो की न्यायाधीशांना ते लगेच पटलं. डोळे एवढे मोठे करू नका, प्रकाश हलतो.

वास अजून आहे हं. खिडकी उघडलीत, पंखा लावलात, वर सेंटची बाटली रिकामी केलीत वाटतं—आता आपली पोर, भिंगरी, घरात पाऊल टाकेल तेव्हा तिला कळायचं नाही, कॉम्प्युटर जळलाय की कोणी लग्नाला निघालंय. आणि तिला फसवणं सोपं नाही, पोरीचं नाक आईवर गेलंय. बरं, आता काय झालं ते मीच सांगतो, कुठे चुकलं तर डोळे मिटा. तिची डिस्क भरली. ती पालीची फिल्म करतेय, एकेक चित्र स्वतः काढून, ती उद्या कॉलेजला पाठवायची, त्यावर तिचा प्रवेश. तुमच्या मनात आलं, ती क्लासला गेलीय तेवढ्यात आपण आणखी एक डिस्क बसवून ठेवू, पोरगी खूश होईल, निदान ‘अहो, मीठ द्या’च्या पुढे काही बोलेल. इथपर्यंत चांगलं आहे. डिस्क आणलीत, स्क्रू लावलेत, चौकोनी भोकं मोकळी दिसली पॉवर सप्लायच्या, म्हणजे सगळ्यांना वीज वाटणाऱ्या या डब्याच्या, मागे, पण त्यात घालायची केबल मिळेना. मग तुम्ही माळ्यावरून तुमचा जुना कॉम्प्युटर काढलात, त्याची केबल ओढून काढलीत, इथे घातलीत, खट्कन बसली—आणि बटण दाबलंत. फट्. धूर. बरोबर? डोळे मिटले नाहीत. म्हणजे अगदी बरोबर.

आता ही केबल बघा, तुमची. हे चपटं टोक डिस्कमध्ये जातं, ते सगळीकडे सारखंच, उलटं घालीन म्हटलं तरी जात नाही, घडवणाऱ्याने आपल्यासारख्यांचा विचार केलेला आहे. पण हे दुसरं टोक, पॉवर सप्लायमध्ये जाणारं, इथे प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. भोक तेच, प्लग तोच, बसतोही झकास, पण आतल्या तारांचा क्रम प्रत्येकाचा स्वतःचा. याच्यात जिथे बारा व्होल्टची तार, तुमच्या जुन्या डब्यात तिथे पाचाची. पाच मागणाऱ्या भागाला तुम्ही बारा पाजलेत, बिचारी नवी डिस्क जागच्या जागी गेली. बसली म्हणून लावली—असं करायचं नसतं. ज्या पॉवर सप्लायची केबल त्यालाच लावायची, दुसऱ्या घरची चालत नाही. मी केबलबद्दल बोलतोय. तुम्ही उगाच अंगाला लावून घेऊ नका.

हो, तेच विचारताय ना डोळ्यांनी—तिची जुनी डिस्क, फिल्म असलेली, ती वाचली का? मला माहीत नाही. ती तिच्या मूळ केबलवर होती, आणि हा पॉवर सप्लाय समंजस आहे, आत कुठे शॉर्ट दिसला की स्वतःच बंद पडतो, म्हणून तर नंतर बटण दाबूनही काही होत नव्हतं, मेलेली डिस्क अजून गळ्यात होती त्याच्या. त्यामुळे वाचली असावी. पण असावी म्हणजे असावी. दुसरीकडे कॉपी नाही तिची, हे मला ठाऊक आहे, मी मागे म्हटलं होतं, बाळा, दोन ठिकाणी ठेव, तर म्हणाली, बाबा, लेक्चर नको. मग नाही दिलं लेक्चर. म्हणजे दिलं, पण तोवर तिने फोन ठेवला होता.

तुमचा हात भरून आला असेल. टेकवा गुडघ्यावर. गंमत बघा, आपण दोघं एका खोक्यात डोकं घालून बसलोय आणि आपल्या नात्याला शब्दच नाही. मामेभाऊ, चुलतभाऊ, व्याही, सगळ्यांना आहे. साडू म्हणावं तर बायका बहिणी असाव्या लागतात, इथे तर एकच. दवाखान्यातल्या बाईंना मी आत्ता निघताना काय सांगितलं असेल? म्हटलं, जरा घरच्यांकडे जाऊन येतो. त्यांनी विचारलं, कोणाकडे. मी म्हटलं, दाढदुखीची केस आहे.

भिंतीवरचं बटण बंद आहे ना? नुसतं बंद नको, ती जाड वायर मागून उपटूनच काढा. काढली? आता कॉम्प्युटरचं बटण एकदा दाबून धरा, आत साठलेली वीज निघून जाऊ दे. आणि मग या उघड्या पत्र्याला हात लावा. घाबरू नका, हा भुलीच्या इंजेक्शनसारखा प्रकार आहे, आधी करायचा म्हणजे पुढे बोंब होत नाही—अंगावरची वीज डिस्कच्या हिरव्या पट्टीवर उतरली तर तीही जायची. मेलेली डिस्क ही घ्या, ठेवा खिशात, आठवण. नवी कुठाय? दुसरी आणलीत? पहिली जळल्यावर धावत जाऊन? चपला वेगवेगळ्या जोडांतल्या घालून गेलात, ते आल्यापासून बघतोय मी. आणि ती आणल्यावर पुन्हा न लावता मला फोन केलात. मला. सांगू का, मी असतो तर मेलो असतो पण तुम्हाला फोन केला नसता. पोरीसाठी केलात, ते कळतं मला. फोनवर तुमचा आवाज इतका बारीक होता की मला वाटलं घरात कोणीतरी गेलं.

आणि हे काय आणलंय दुकानदाराकडून? एकाची दोन करणारी वायर? टाका ती. म्हणजे सगळ्याच वाईट नसतात, पण ही बघा, प्लास्टिक ओतून बंद केलेली, आत तारा एकमेकींना किती जवळ आहेत ते दिसतही नाही, तापलं की चिकटतात आणि पेट घेतात. आणि गरज काय? डिस्क फिरायला लागते त्या क्षणी ती सगळ्यात जास्त ओढते, तेव्हा सगळ्यांनी एकाच तारेला लटकायचं नाही. मोकळं भोक आहे ना मागे, मग नवीला स्वतःची वेगळी केबल द्यायची. तिच्याच घराण्यातली. ही घ्या. या थैलीत आहेत सगळ्या.

काय झालं? टॉर्च खाली आला तुमचा. वर घ्या.

हो, याच पॉवर सप्लायच्या. खोक्यातच मिळते ही काळी थैली, जादा केबल असतात तिच्यात. माझ्याकडे कशी म्हणजे, आली. सामान हलवताना आली. होतं असं. दाढीचं सामान इथेच राहिलं, कपाटभर पुस्तकं इथेच राहिली, थंडीचा कोट तर तुम्हीच घालता असं ऐकतो—आणि ही थैली तेवढी आली. आता असं बघू नका. घर सोडताना माणसाने काय उचलावं याचा काही कायदा आहे का? कॉम्प्युटर मी बांधलेला, पोरगी खाली फरशीवर बसून मला स्क्रू देत होती, एक गिळलाही होता तिने. मला वाटलं, पुढेमागे डिस्क वाढवायची वेळ येणारच, तेव्हा केबल सापडायची नाही, मग कोणीतरी फोन करेल, जरा येऊन जातोस का. एवढंच. फार काही मागत नव्हतो. आणि फोन आलाही—तुमचा. हिचा नाही, तिचा नाही, तुमचा. आता थोडं ओढूनताणून म्हटलं तर तुमची ती पहिली डिस्क मीच जाळली असं होतं. पण एवढं ताणायचं कशाला? धरा नीट.

हे टोक इथे. ऐका—टक्. आता चपटं टोक डिस्कला, सरळ, हलवाहलवी न करता, दाबायचं पण चेचायचं नाही. ही दुसरी बारीक केबल माहिती वाहून नेणारी, ती तुम्ही बरोबर लावली होतीत, शाबास, एक तरी गोष्ट बरोबर केलीत. वायर पंख्याला लागत नाही ना, बघा. स्क्रू चारही लावा, दोनावर भागवायचं नाही, डिस्क फिरताना थरथरते. बरं, जाड वायर लावा मागे, भिंतीवरचं बटण सुरू करा, आणि हे पुढचं—तुम्ही दाबणार? नको? मग मीच दाबतो. जर नाही सुरू झालं, तर तिला मी सांगेन, चूक माझी. ती तशीही माझ्यावर चिडलेलीच असते, तुमचं आत्ता कुठे सुरू होतंय.

पंखा फिरला. थांबा. अजून काही नाही. कधी कधी वेळ लागतो. डिस्कचा आवाज येतोय का? मला माझ्याच कानात काहीतरी वाजतंय असं वाटतंय. आलं—स्क्रीनवर आलं. पासवर्ड मागतोय. मी प्रयत्न करतो, पूर्वी तिने पाळलेल्या सशाचं नाव होतं—नाही, नाही घेत. तुम्हाला माहीत आहे? तिने सांगितलाय? टाका मग. मी बघत नाही, खिडकीबाहेर बघतो.

झालं? दिसतायत दोन्ही? जुनी दिसतेय, नवीही दिसतेय. वाचलो. वाचलात. आता पहिलं काम, फिल्म नव्या डिस्कवर कॉपी करायची, पण आधी ती नीट उघडतेय का बघू, नुसतं नाव दिसलं म्हणजे आत माल शाबूत आहे असं नाही. ही फाईल ना? लावा.

पाल. किती छान काढलीय. ते आमचंच—या घरातलंच न्हाणीघर आहे, त्या फुटक्या फरशीसकट. शेपूट तुटलीय तिची, ती शोधत हिंडतेय. आता बोलतेय. ‘कोणी माझी शेपूट पाहिलीत का हो?’ हा कोणाचा आवाज? फार ओळखीचा वाटतोय, असा रडवेला, नम्र. थांबा, टॉर्च काढा तोंडातून. काहीतरी बोला.

तुमचा आहे. पालीचा आवाज तुम्ही दिलाय.

हसत नाहीये मी. हसतोय, पण तुम्हाला नाही. अहो, लोकांचे हिशेब तपासणारा माणूस तुम्ही, मला तर वाटायचं तुम्हाला आवाजच नाही. आणि काय मागताय ती शेपूट, मलाच उठून शोधावीशी वाटली. कधी केलंत हे? ती शेजारी बसून सांगत होती का, असं म्हणा, तसं म्हणा? आणि तुम्ही म्हणत होतात. मग ती मीठवाली गोष्ट खोटीच म्हणायची. चांगलं बोलते की तुमच्याशी. मला नाही विचारलं तिने. विचारलं असतं तर मी काय केलं असतं, मीच सुरू झालो असतो, शेपूट का तुटते, पुन्हा कशी येते—पालीला शेवटपर्यंत बोलू दिलं नसतं. वाईट वाटलं मला. वाटणारच. मी काय दगड आहे का? पण योग्य माणूस निवडलाय पोरीने, हे माझ्यातल्या डॉक्टरलाही मान्य करावं लागेल. पुन्हा लावा बघू ते, शेपटीचं. नको, राहू दे. कॉपी करा आधी.

अहो, ते काय करताय? थैली माझ्या बॅगेत कशाला भरताय? काढा बाहेर. टेबलाच्या खणात ठेवा, आणि वर लिहून ठेवा, याच पॉवर सप्लायची, दुसऱ्या कशालाही लावू नये. पुढे आणखी एक डिस्क लागली तर तुम्हाला जमेल आता, सगळं बघितलंत. मला नका बोलावू. माझ्याकडे पडून तिचा काय उपयोग, माझ्या घरी कॉम्प्युटर सुद्धा नाही.

जिन्यात तिची पावलं आहेत. दोन-दोन पायऱ्या गाळत येते, अजूनही. ऐका, तिला सांगायचं, डिस्क तुम्ही बसवलीत. वासाचं विचारलं तर सांगा, दाढ भरायला डॉक्टर घरी आलाय. आणि ते अगदीच खोटं नाही—टॉर्च धरला होतात तेव्हा बघितलं मी, उजवीकडची खालची शेवटची दाढ पार किडलीय तुमची, रात्रभर ठणकत असेल आणि तुम्ही कोणाला बोलला नसाल. दवाखान्यात या. एकटे येऊ नका, दाढ काढल्यावर घरी न्यायला सोबत कोणीतरी लागतं. हिला ऑफिस असतं. भिंगरीलाच आणा. बाहेरच्या खोलीत बसेल ती, मी आतून बोलेन, तुम्ही तोंड उघडं ठेवाल. जा आता, दार उघडा, पोर ताटकळलीय.