आता तज्ज्ञाला कोण तपासणार?

“खोट तिच्यातच असणार! आपला तर त्यातला तज्ज्ञ!”

हे माझ्या कानांसाठी नव्हतं बरं का. सासूबाई फोनवर आत्याबाईंना सांगत होत्या आणि मी दाराबाहेर, हातात इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग... आत जावं तर चोरून ऐकल्यासारखं, मागं फिरावं तर पायाखालची फळी कुरकुरते!

तुम्हाला सांगते, आमचे हे पुरुषांच्या वंध्यत्वाचे डॉक्टर. त्यातही जनुकीय कारणांचे. म्हणजे नवऱ्याच्या गुणसूत्राचा एवढासा तुकडा कुठे गळालाय का, ते हे शोधतात. लांबलांबून जोडपी येतात! कुणाची आई म्हणाली, “आमच्या घराण्यात असलं काही नाही,” की हे टेबलावर पेन आपटतात, “बाई, माणूस धडधाकट दिसतो, दाढीमिशा असतात, तरी बिघाड असतो! आधी मुलाला तपासा!”

आणि घरी? लग्नाला सव्वा वर्ष झालं, गोड बातमी नाही, तर माझं रक्त, माझी सोनोग्राफी, पुन्हा माझंच रक्त... सुई टोचणारी बाई हल्ली नावसुद्धा विचारत नाही, नुसतं “आज कुठला हात?” सगळं नॉर्मल! मी हळूच म्हटलं, “अहो, एकदा तुमचंही...” तर चष्म्यावरून बघत म्हणाले, “अगं, मला काही असतं तर मला कळलं नसतं?” आता तज्ज्ञाला कोण सांगणार?

सासूबाईंना सांगावं, तर “तो रोज तेच बघतो, त्याला कसं होईल?” म्हणजे दातांच्या डॉक्टरांची दाढ दुखतच नाही जणू! पण तज्ज्ञाच्या आईला तरी कोण सांगणार?

शेवटी परवा आत्याबाई जेवायला आल्या. मला बसवलं भिंतीकडच्या खुर्चीत, दोघींच्या मध्ये... उठायचं म्हटलं तरी आधी एकीला उठवावं लागणार! आत्याबाईंनी पाठीवर हात ठेवला, “सूनबाई, आणखी एक तपासणी करून घे ना गं. तुझं काय जातंय?” हे ताटात असे बघतायत, जणू रिपोर्टच वाढलाय. मी पाणी प्यायले. आणि तुम्हाला सांगते, तोंडातून निघूनच गेलं,

“घेतलीये ना वेळ, बुधवारी साडेदहाची. माझी नाही, ह्यांची. अहो, मी तीन दवाखान्यांत विचारलं, तिन्हीकडे तुमचेच विद्यार्थी निघाले... त्यातला जो सगळ्यात कमी बोलतो, तो निवडलाय.”