शेपटाचे अकरा सेकंद

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते आमचे दिग्दर्शक सर, आणि शेवटच्या रांगेपर्यंत बसलेल्या मित्रमैत्रिणींनो,

“भावना मी आणतो, तू फक्त काप.” अठरा वर्षांपूर्वी संकलनाच्या खोलीत सर मला असं म्हणाले होते. आठवतंय ना, सर? राहू द्या, आज बोलायची पाळी माझी आहे.

मला विषय दिलाय, सरांच्या चित्रपटातल्या भावना. नवरा-बायकोच्या दुराव्याची ती गोष्ट तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. नवरा घर सोडून जातो आणि बायको मोठ्या चादरीची एकटीच घडी घालायला लागते. दोन टोकं तिच्या हातात, दोन जमिनीवर. मग ती मान वर करून बघते. अकरा सेकंद. ना संवाद, ना संगीत. त्या शांततेवर लोकांनी लेख लिहिले. सर मुलाखतींत सांगतात, “ती शांतता मला आधीच ऐकू आली होती.”

खरं सांगू? सरांना तिथे व्हायोलिन हवं होतं. मी म्हटलं, “सर, लोकांनी चेहरा नीट बघायच्या आधीच व्हायोलिन त्यांना रडायला सांगेल.” आधीचं भांडण मी भराभर कापलं होतं, म्हणून तर ते अकरा सेकंद इतके लांब वाटतात. पण हे झालं कसब. तो चेहरा कसबाने आलेला नाही.

“कट” म्हटल्यावरही कॅमेरा चालू राहिला, तर जो तुकडा उरतो त्याला आम्ही शेपूट म्हणतो. शेपूट टाकून द्यायचं असतं. त्या दिवशी सर “कट” म्हणाले आणि कॅमेरामन बंद करायला विसरला. आवाजाचं यंत्रही चालूच राहिलं. मग सर त्या नटीला काहीतरी बोलले. तिचा स्वतःचा नवरा तिला का सोडून गेला असेल, याबद्दल नऊ शब्द. सगळे हसले. ती सरांकडे बघत राहिली.

ती नटी माझी धाकटी बहीण. त्यानंतर ती पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाही.

ते शेपूट मी प्रसंगात जोडलं. आवाज काढला, चेहरा ठेवला. तिची लाज झाकतेय असं तेव्हा वाटलं. झाकली गेली सरांची. प्रसंग पाहून सर म्हणाले, “बघ, कसं काढून घेतलं तिच्याकडून.” मी गप्प बसले. त्यात माझाही वाटा आहे, तो मी नाकारत नाही.

ते नऊ शब्द मी इथे म्हणणार नाही. माझ्या तोंडी त्यांची लय बिघडेल.

मूळ आवाज मात्र मी जपून ठेवला. येताना बहिणीला विचारलं, “लावू का गं?” ती म्हणाली, “ताई, माझं गप्प राहणं सगळ्यांनी ऐकलंय. आता त्यांचं बोलणं ऐकू दे.” ती शेवटच्या रांगेत बसली आहे.

आयोजकांचे आभार, संकलकाच्या हाती सहसा कुणी माइक देत नाही. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला, सरांचं मीही इतकी वर्षं घातलंच. थोड्या वेळाने इथे तो प्रसंग दाखवणार आहेत. आवाजाची फीत मी मशीनवाल्याकडे दिली आहे. तो म्हणतो, सर हो म्हणाले तरच लावेन. तुमचं उत्तर मला ठाऊक आहे, तरी चारचौघांत विचारते.

सर, लावू द्या.