भोपळ्या ड्युटीवर आहे

...आणि वर सूनबाई मलाच म्हणते, "बाबा, एवढंसं काम होतं हो तुमचं!" आता तुम्हीच सांगा मंडळी, ज्याला दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसतंय त्यानं आंधळं व्हायचं, तेही एका कुत्र्यापायी, हे एवढंसं काम झालं? ...नाही नाही, कुत्र्यावर माझा राग नाही. कुत्रा गुणी आहे. म्हणजे गुण एकच, खाणं, पण तो मनापासून करतो. पिवळाजर्द, गोल, मान कुठं संपते आणि पोट कुठं सुरू होतं याचा पत्ता नाही, म्हणून त्याचं नाव भोपळ्या. त्याचं काय चुकलं? तो कुठं म्हणाला होता, मला रिसॉर्टला न्या?

तुम्हाला सांगतो, मुळात समुद्र बघायचा होता आमच्या हिला. लग्न झाल्यापासून बघायचा होता. मी म्हणायचो, "बघू." आता हा 'बघू' बायकोपुढं किती वर्षं पुरवायचा? पण मी तरी काय करणार, मी थेटरात दारावर. तिकीट फाडायचं, बॅटरीच्या उजेडात खुर्ची दाखवायची, पुन्हा दारात उभं राहायचं. जगाला सुट्टी त्या दिवशी आम्हाला दुप्पट काम. समुद्र मी पडद्यावर बघितलाय, तोही दाराच्या फटीतून, अर्धा.

आणि यंदा माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. अहो, काय सांगू! सगळं जग कुणीतरी खळाखळा धुऊन वाळत घातलंय, असं दिसायला लागलं. हिच्या तोंडावरच्या सुरकुत्यासुद्धा दिसल्या. तसं तिला म्हटलं, तर म्हणते, "एवढंच दिसत असेल तर घाला परत तो काळा चष्मा." तेव्हा पोरगा म्हणाला, "बाबा, नव्या डोळ्यांनी समुद्र बघा आता. मी रजा काढतो, आईलाही घेऊ." आणि ही? उठली, बाजारात गेली आणि वाळूत घालायला रबरी चपला घेऊन आली. पिशवीतून बाहेर काढीना! म्हणते, "समुद्रावरच काढीन."

सगळं ठरलं, आणि मग प्रश्न आला भोपळ्याचा. शेजारणीकडं ठेवावं म्हटलं, तर ती म्हणाली, "माणसं ठेवून जा हवी तर, कुत्रा नको. मागच्या वेळी माझी पायपुसणी खाल्ली त्यानं." आणि रिसॉर्टवाल्यांचा नियम, पाळीव प्राणी आणायचे नाहीत. सूनबाई मोबाइलवर वाचत होती. वाचता वाचता थांबली. म्हणाली, "ऐका हं. दृष्टी नसलेल्या पाहुण्यांसोबत वाट दाखवणारा कुत्रा असेल, तर चालेल."

झालं! खोलीतली सगळी तोंडं हळूच माझ्याकडं वळली. भोपळ्याचंसुद्धा.

मी म्हटलं, "अरे, मला दिसतंय की!" पोरगा म्हणतो, "बाबा, काळा चष्मा आहेच घरात. तुम्ही फक्त नाकासमोर बघायचं. नाहीतर जाणं रद्द." मी हिच्याकडं बघितलं. ही त्या चपलांच्या पिशवीकडं बघत होती. ...घातला काळा चष्मा!

सूनबाईनं एक लाल पिशवी उसवून भोपळ्याला जाकीट शिवलं. पाठीवर रंगानं ठळक अक्षरात लिहिलं. मी कुठं शाळेत गेलोय वाचायला? मी विचारलं, "काय लिहिलंय?" म्हणाली, "'ड्युटीवर आहे, हात लावू नका.' खऱ्या कुत्र्यांच्या जाकिटावर असंच असतं बाबा. त्यांना हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, खाऊ घालायचा नाही. त्यांचं लक्ष उडतं." मी मनात म्हटलं, या भोपळ्याला हात लावला नाही, हाक मारली नाही आणि खाऊ घातलं नाही, तर शिल्लक काय राहतं?

पोचलो. फाटकावर मोठ्या मिशांचा दरवान. आणि तुम्हाला सांगतो, मी काळा चष्मा नाकावर घट्ट दाबला! कारण जन्मभर मी त्याच्या जागी उभा होतो. बिनतिकिटाचा माणूस कसा चालतो हे मला कुणी शिकवायला नको. मान ताठ, नजर छपराकडं, आणि चाल अशी की जसं थेटर त्याच्या सासऱ्याचं आहे. आणि मी काय करत होतो? मान ताठ! नजर छपराकडं! अहो, त्यानं मला ओळखलंच असणार... पण भला माणूस, सलाम ठोकून बाजूला झाला. त्या सलामानं मला जास्तच लाज वाटली.

आत टेबलामागं एक मॅनेजर मुलगी. गोड बोलणारी. तिनं विचारलं, "आजोबा, हा तुमच्यासाठी काय काम करतो?"

मी खरं बोलणारा माणूस. तोंडातून गेलं, "खातो."

सूनबाई ओरडली, "वाट दाखवतो!" आणि नेमका तेव्हाच भोपळ्या त्या थंडगार फरशीवर उताणा पडला, चारी पाय वर, पोट खाजवून घ्यायला. मॅनेजर मुलगी वाकली, त्याच्या पोटाशी काहीतरी वाचलं आणि ओठ दाबून हसली. मला मागाहून कळलं, त्या पिशवीवर दुकानाची जाहिरात होती, ती नेमकी पोटाखाली आली होती. 'एकावर एक मोफत.'

"दमलाय," सूनबाई म्हणाली, "प्रवासभर ड्युटीवर होता ना."

मुलीनं खोलीची चावी दिली. वर नोकरांना बजावलं, "कुणी लाड करायचे नाहीत हं. ड्युटीवर आहे तो." आणि ती माणसं इतकी शिस्तीची! भोपळ्या एकेकापुढं जाऊन डोकं पुढं करायचा, आणि ते हात मागं बांधून उभे, जशी काही मोठ्या साहेबांची तपासणी चाललीय. भोपळ्याला कळेना, जगाला झालंय काय!

खोली आमची मागच्या बाजूची. समुद्राकडच्या खोल्या आमच्या ऐपतीच्या नव्हेत. आमच्या खिडकीतून टॉवेल वाळताना दिसायचे. अंधार पडला होता, समुद्राचा नुसता आवाज येत होता. ही खिडकीशी कान लावून बसली. म्हणाली, "अहो, श्वास घेतोय." मी म्हटलं, "सकाळी नाष्टा झाला की जाऊच."

नाष्ट्याच्या हॉलमध्ये तर, काय सांगू... शेजारच्या टेबलावर एक जाडे गृहस्थ, अंगाला पंच्यासारखा गुंडाळलेला मोठा टॉवेल. समोर आमलेट. मी आपला चष्म्याआडून नाकासमोर बघतोय, आणि मला स्वच्छ दिसतंय की भोपळ्यानं दोन पाय त्यांच्या टेबलावर ठेवलेत. आता मी काय करू? ओरडलो तर दिसतंय हे उघड! गप्प बसलो तर आमलेट गेलं! ...आमलेट गेलं.

"अहो, तुमचा कुत्रा!" गृहस्थ किंचाळले.

"ड्युटीवर आहे तो!" सूनबाई म्हणाली. "बाबांच्या आधी चाखून बघतो."

"माझं आमलेट?"

"सवयीनं हो."

तेवढ्यात दारातून एक बाई आल्या. वयानं माझ्या सुनेपेक्षा थोड्या मोठ्या. शेजारी काळा कुत्रा, पाठीवर पट्टा, पट्ट्याला कडक मूठ, त्या मुठीवर बाईंचा हात. खुर्ची, खांब, चहाची ढकलगाडी, सगळ्यांना वळसे घालत त्यानं बाईंना बरोबर रिकाम्या खुर्चीशी आणलं, आणि टेबलाखाली घडी घातलेल्या घोंगडीसारखा बसून राहिला. आमलेटाचा वास घमघमत होता, पण मान वळवली नाही! भोपळ्या त्याच्यावर भुंकला, शेपूट हलवली, लोळला. त्यानं एकदा बघितलं. आम्ही थेटरात पहिल्या रांगेतल्या शिट्टीबहाद्दराकडं बघायचो ना, तसं.

आणि मी हातातला घास परत ताटात ठेवला. तो खरा ड्युटीवर होता. आम्ही दोघे बिनतिकिटाचे.

ही मात्र आनंदात. नाष्टा झाला, पिशवी काखोटीला मारली. समुद्राकडची वाट पोहण्याच्या तलावाच्या कडेनं जायची. पुढं ही, मागं पोरगा-सून, सगळ्यात शेवटी मी आणि भोपळ्या. म्हणजे तो ओढतोय आणि मी फरफटतोय. लोक म्हणायचे, "बघा कसा घेऊन चाललाय!" तलावाच्या पलीकडं हिरवी झाडं, झाडांपलीकडं समुद्र, आणि ही झपाझप चाललेली. नवी नवरी तरी इतकी घाई करत नाही!

तेवढ्यात समोरून त्या बाई आल्या, काळ्या कुत्र्याबरोबर, तलावाच्या अगदी काठाकाठानं. भोपळ्यानं त्याला बघितलं, आणि गेला की माझ्या हातातून सुटून! थेट त्याच्या अंगावर, खेळायला म्हणून. पण एवढा मोठा भोपळा आदळल्यावर तो बिचारा हेलपाटला, बाईंच्या हातातली मूठ सुटली, बाई गोल फिरल्या, आणि तोंड झालं पाण्याकडं. फरशी ओली. सगळे बघतायत कुत्र्यांकडं. बाईंनी पाय उचलला...

मग मला काही कळलं नाही बघा. खुर्च्या ओलांडल्या, एक बादली ओलांडली, त्या जाड्या गृहस्थांवरून तर उडीच मारली असं म्हणतात, आणि ओरडलो, "बाई, थांबा! पुढं पाणी आहे!" त्यांचं कोपर धरलं, मागं ओढलं. त्या वाचल्या. भोपळ्या पाण्यात पडला. माझा चष्माही.

मी आपला उघड्या डोळ्यांनी उभा. सगळे माझ्याकडं बघतायत, आणि मला ते सगळे दिसतायत.

"चमत्कार!" टॉवेलवाले गृहस्थ म्हणाले.

"समुद्राची हवा!" सूनबाई म्हणाली. पण तिचाच आवाज बसला होता.

मॅनेजर मुलगी धावत आली. आता तुम्हाला सांगतो, मनात हजार गोष्टी आल्या. ही त्या झाडांपाशी उभी होती, पिशवी छातीशी धरून. चार पावलांवर समुद्र. खोटं रेटलं असतं तर ती पोचली असती. पण दारावर उभं राहून केस पांढरे झालेल्या माणसाला ते जमत नाही हो. मी म्हटलं, "पोरी, मी बिनतिकिटाचा आहे. मला सगळं दिसतं. हा भोपळ्या कसल्याच ड्युटीवर नाही, जन्मात नव्हता. काढायचं तर आम्हाला काढ, पण माझ्या म्हातारीला एकदा समुद्र बघू दे. मग आम्ही जातो."

बाई पट्टा चाचपत होत्या. काळा कुत्रा परत त्यांच्या पायाशी येऊन उभा होता, थोडा थरथरत. त्या म्हणाल्या, "आजोबा, मला सकाळीच कळलं होतं. तुमचा कुत्रा खरंच वाट दाखवत असता, तर तुम्ही एव्हाना स्वयंपाकघरात पोचला असता." लोक हसले. त्या नाही हसल्या. म्हणाल्या, "पण हा एकदा घाबरला ना, तर माझं घराबाहेर पडणं बंद होतं. आणि असे खोटे आले की पुढच्या दारावर मला अडवतात, की हा तरी खरा कशावरून?"

मी हात जोडले. दुसरं काय करणार? सूनबाई पुढं आली, मान खाली घालून म्हणाली, "ताई, चुकलं. बाबांचं नाही, माझं." तेव्हा कुठं बाई जरा हसल्या. मॅनेजर मुलीला म्हणाल्या, "राहू दे गं यांना. पाण्यात पडले नाही ते यांच्यामुळंच."

"माणसं राहतील," मुलगी म्हणाली, "पण कुत्रा आत नाही. फाटकाशी दरवानाची खोली आहे, तिथं ठेवा. कुणीतरी सोबत बसावं लागेल मात्र."

...आणि पुन्हा सगळी तोंडं हळूच माझ्याकडं वळली.

ही म्हणाली, "तुम्ही आधी बघून या, मी बसते." पण मी जागचा हललो की भोपळ्या असा गळा काढायचा, की जणू त्याला पोरका करून चाललोय. पॅन्टचा पाय दातांत धरून बसला. मिशीवाल्यानं करून बघितलं, पोरानं करून बघितलं. नाही! त्याला मीच पाहिजे. मी म्हटलं, "जा तू. पिशवी उघड."

मग काय, सगळी सुट्टी मी फाटकावर. पण खोटं कशाला बोलू, बरं वाटलं! मिशीवाल्याला म्हटलं, "तुम्ही मला ओळखलं होतंत ना?" म्हणतो, "मान बघूनच." दोघं पोट धरून हसलो. संध्याकाळी एक बाई आल्या, मान ताठ, नजर छपराकडं, आणि काखेतली पर्स म्याऊ म्याऊ करतेय! मी म्हटलं, "ताई, परत फिरा. मी तेच करून बसलोय."

आणि भोपळ्याची तर चंगळ. जाकीट काढलेलं, येणारा-जाणारा लाड करतोय, आमलेटवाले गृहस्थ स्वतः पाव घेऊन येतायत.

दिवस कलला तशी ही आली. कपडे गुडघ्यापर्यंत ओले, चपला हातात, वाळूनं भरलेल्या. मी विचारलं, "कसा आहे?"

"मोठा आहे."

"किती मोठा?"

तिनं जरा विचार केला. म्हणाली, "तुमच्या पडद्यापेक्षा मोठा. आणि अहो, त्याला मध्यंतरच नाही." आणि माझ्याशेजारी बाकावर बसून तिनं माझ्या हातावर चपलेतली वाळू झटकली.

मागोमाग त्या बाई आल्या. काळ्या कुत्र्याचा पट्टा त्यांनी सोडला, म्हणाल्या, "जा, झाली तुझी सुट्टी." आणि तुम्हाला सांगतो, तो घडीचा घोंगडा असा उधळला! भोपळ्याबरोबर लोळला, त्याचा कान चावला, त्याचा पावसुद्धा पळवला. बाई म्हणाल्या, "आजोबा, पाहिलात का समुद्र?"

"नाही, बाई."

"मीपण नाही," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघं इतके हसलो, की मिशीवाला घाबरून शिट्टी शोधायला लागला.

आता घरी आल्यावर जो तो विचारतो, "काय, नव्या डोळ्यांनी समुद्र बघितला का? कसा आहे?" अहो, मला काय विचारता? हिला विचारा... मी ड्युटीवर होतो.