जुन्या गाडीची वारंटी

आमच्या अप्पांनी मोटार कशी घेतली ते ऐका. बिदरच्या शोरूममधला सेल्समन समजावून सांगायलाय, "नव्या गाडीला तीन वर्सं वारंटी. ही जुनी, पण कंपनीनं तपासलेली. हिला एकच वर्स, तेबी इंजिन-गिअरची. टायर, बॅटरी तुमचं तुमी बघायचं."

अप्पा म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. हिचा मालक दाखव. बैल घेताना आमी आधी मालकाचं घर बघतो."

मग त्याच गाडीतून मालकाच्या गावी, खटकचिंचोळीला गेलो. मालक म्हातारा, घरात एकटाच. बॉनेटवरून हात फिरवत म्हणाला, "चढावर दमती. दुसऱ्या गिअरात घ्या."

अप्पांनी विचारलं, "कामून विकली?"

"संगं बसणारी गेली."

आम्ही निघालो, तर फाटकापर्यंत आला. "काय बिघडलं तर घेऊन या, अण्णा," अप्पांना म्हणाला. "न्हाई बिघडलं तरी घेऊन या."