व्हिसा, चादरी आणि माझा अंगठा

नाही, म्हणजे तुम्हीच सांगा, व्हिसाशी माझा काय संबंध? मी जन्मात विमानात बसलो नाही, पासपोर्ट काढला नाही, मी आपला चादरी धुणारा माणूस! समोरच्या लॉजवरून चादरी यायच्या, मी धुवायचो, इस्त्रीवाली मावशी घड्या घालायची, की झालं! लॉजवर उतरायचं कोण, तर परदेशातले आजी-आजोबा, पेन्शनीत फिरायला निघालेले, जोडीजोडीनं... सज्जन माणसं हो, चादरीला सुरकुती म्हणून पाडत नसत.

आणि एक दिवस लॉजवाले भाऊ तोंड पाडून आले. म्हणाले, आपल्या सरकारनं नियम बदललाय, आता व्हिसा पाहिजे तर प्रत्येकानं जातीनं जाऊन बोटांचे ठसे द्यायचे. म्हटलं, देतील की! तर म्हणे कचेरी त्यांच्या गावापासून दिवसभराच्या प्रवासावर, वर फी तिप्पट, आणि एवढं करून म्हाताऱ्यांचे ठसे मशीनवर उमटतच नाहीत, झिजलेले असतात. मग ते काय करतात? शेजारच्या देशात जातात! तिथं हसून शिक्का मारतात म्हणे. गेले सगळे तिकडं. लॉज रिकामं, टॅक्सीवाला टॅक्सीतच झोपलेला, नकाशे विकणारा नकाशानं वारा घेतोय... आणि धुण्याचं मशीन बंद ठेवलं तर गंजतं, म्हणून मी घरच्याच चादरी रोज धुतोय! बायको म्हणाली, "अहो, पुरे करा, पलीकडचं दिसायला लागलं त्यातून." तिचंही खरं आहे, पण मी दुसरं काय करू? मी आपला चादरी धुणारा माणूस!

शेवटी मावशीला घरी बसवायची वेळ आली. वडलांच्या वेळेपासूनची ती... तिला सांगू तरी कसं हो? तेवढ्यात कळलं, पर्यटक आटल्यामुळे ज्यांचे धंदे बसले त्यांना सरकार मदत देणार. धावलो! खिडकीतले साहेब म्हणाले, अंगठा ठेवा. ठेवला. मशीन गप्प. पुसून ठेवला, फुंकर मारून ठेवला, डावा ठेवला... साहेब माझा हात उलटासुलटा करून बघतायत, जसा काही चोरीचा माल! म्हणाले, "ठसाच नाहीये तुम्हाला." अहो, कुठून असणार? सगळा जन्म सोड्याच्या पाण्यात गेला, मी आपला चादरी धुणारा माणूस! त्यावर साहेब काय म्हणाले असतील? म्हणाले, थोडे दिवस काम बंद ठेवा, ठसे परत येतात. मला वाटलं, काय देवमाणूस आहे! हसत हसत निघालो, तर मागून हाक. "पण मदत चालू धंद्यालाच मिळते हं. बंद दिसला तर नाव बाद."

मावशी गेली. जाताना शेवटची चादर घडी घालून ठेवून गेली. मशीन विकलं. मी हात मांडीवर ठेवून बसतो दिवसभर... आणि तुम्हाला सांगतो, काल पाणी प्यायला काचेचा पेला उचलला, तर त्यावर माझी पाचही बोटं, रेघ न् रेघ उमटलेली! बायकोला हाक मारली, म्हटलं, अगं, बघ, आले! तिनं पेला हातात घेतला, उजेडात धरला, आणि धुऊन पालथा घातला.